पेन्सिलीची रेघ

७ सप्टेंबर २०२४, शनिवार
एडिसन, न्यू जर्सी

गणपती बसले. दीड दिवसाचेच, पण घरात तीस माणसं जेवली. गर्दी पांगल्यावर बाबांनी मला वर त्यांच्या खोलीत बोलावलं आणि छताकडे बोट दाखवलं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग आहे. ताटलीएवढा असेल. ऑगस्टच्या पावसानंतर आला म्हणाले. मी एवढे दिवस त्या खोलीत चादरी बदलायला जाते, पण वर पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली. शेजारी बारीक अक्षरात तारीख.

"वाढला तर कळेल," एवढंच म्हणाले.

बाबा सांगलीत पंचवीस वर्षं बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युअर होते. जूनमध्ये इथे आले, नोव्हेंबरात परत जातील. पाहुणे म्हणून आले असले तरी भिंतीवरून हात फिरवायची सवय त्यांनी सांगलीला ठेवलेली नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज फेडने, इथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर अर्ध्या टक्क्याने खाली आणला. संध्याकाळपर्यंत लोन ऑफिसरचा फोन आला. गेल्या ऑक्टोबरात आम्ही हे घर घेतलं तेव्हा तीस वर्षांच्या कर्जाचा दर गेल्या वीस वर्षांत कधी नव्हता इतका चढलेला होता. आम्हाला ७.७५ टक्के पडला. घर ५,६०,००० डॉलरचं. दहा टक्के आम्ही भरले, ५,०४,००० कर्ज. हप्ता ३,६११ डॉलर, आणि वीस टक्के भरले नाहीत म्हणून वर पीएमआयचे १९० डॉलर दरमहा. पीएमआय हा विमा. हप्ता आम्ही भरायचा आणि संरक्षण बँकेला. दर महिन्याला तो आकडा मला टोचतो.

आता रिफायनान्स केलं, म्हणजे नवं कर्ज घेऊन जुनं फेडलं, तर दर सव्वासहाच्या खाली येईल. नव्या अप्रेझलमध्ये घराची किंमत ६,२५,००० आली तर कर्ज ८० टक्क्यांवर बसेल आणि पीएमआयही सुटेल. आजूबाजूला घरं चढ्या भावाने गेली आहेत, तेव्हा तो आकडा अशक्य नाही. काही जणांना अप्रेझल माफ होतं, संगणकच सांगतो की गरज नाही. आम्हाला नाही झालं. माणूस घर बघायला येणार.

नवरा लगेच म्हणाला, ओटा बदलून घेऊ. स्वयंपाकघराचा ओटा जुना लॅमिनेटचा आहे. क्वार्ट्झच्या ओट्याचं ४,२०० डॉलरचं कोटेशन ऑगस्टपासून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मलाही तो हवा आहे, हे इथे लिहून ठेवते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

जेवताना डागाचा विषय निघाला. नवऱ्याचं म्हणणं, डाग झाकणारा प्रायमर मिळतो, वीस डॉलरचा डबा, शनिवारी दोन तासांत काम होईल. सप्टेंबर कोरडा चालला आहे, अप्रेझर येईपर्यंत पुन्हा काही उमटणार नाही. छताचं मग निवांत बघू.

बाबा जेवण होईपर्यंत बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि २०१९ च्या पुराचं सांगायला बसले. मी तेव्हा इथे होते, फोनवर ऐकलं होतं तेवढंच. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर घराघरांच्या भिंतींवर एक आडवी रेघ उरली, कुठे कमरेला, कुठे डोक्याच्या वर. पुढची दोन वर्षं बाबांच्या हातून गेलेल्या कामांत अशी घरं किती होती! कोणी कर्ज दुसऱ्या बँकेत नेत होतं, कोणी वाढवून घेत होतं. आणि व्हॅल्युअर येणार म्हटलं की लोक भिंती रंगवून ठेवायचे.

"रंगवलेल्या भिंतीवर मी नुसता हात ठेवायचो," बाबा म्हणाले. "ओल थंड लागते. मग बोटाने टकटक करायची. गिलावा सुटलेला असला की पोकळ वाजतो. महिन्याभरात पोपडे निघणारच असतात, मला ते आधी ऐकू यायचे. त्या माणसाला काय वाटायचं, डबाभर रंगात लाखभर रुपये वाढवून घेऊ. पण ताजा रंग दिसला की मी तिथेच जास्त वेळ थांबायचो. आणि ज्यांनी गिलावा खरवडून काढून भिंत उघडी ठेवली होती, 'साहेब, वाळते आहे, दिवाळीनंतर करू' म्हणाले, त्यांची भिंत दिसायला वाईट होती. त्यांच्या रिपोर्टात मी लिहायचो, दुरुस्ती चालू आहे."

नवरा गप्प झाला. त्याला पटलं की तो थकला होता, मला कळलं नाही. पण प्रायमरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

अप्रेझर नक्की काय बघतात ते रात्री बसून वाचलं. बँका आपली कर्जं पुढे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या कंपन्यांना विकतात, म्हणून अप्रेझलची भाषाही त्यांच्या नियमांची. घराच्या स्थितीला सी१ ते सी६ अशा सहा पायऱ्या आहेत, २०११ पासून सगळ्या रिपोर्टांत एकाच व्याख्येने. सी१ म्हणजे अगदी नवं, कोणी न राहिलेलं. सी२ जवळजवळ नव्यासारखं केलेलं. सी३ नीट राखलेलं, वापराची थोडी झीज. सी४ म्हणजे राखलेलं, पण काही किरकोळ दुरुस्त्या राहून गेलेल्या. सी५ मध्ये त्या दुरुस्त्या मोठ्या आणि ढळढळीत. सी६ म्हणजे माणसांच्या सुरक्षिततेला किंवा घराच्या ढाच्यालाच धक्का. सी६ घरावरचं कर्ज फॅनी मे घेतच नाही, आधी ते दुरुस्त व्हावं लागतं.

बाबांना सगळ्यात विचित्र वाटलं ते वयाचं. आमचं घर १९६२ चं, लाकडी सांगाड्याचं. "आमच्याकडे आरसीसीचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात आणि दर वर्षाचा घसारा कापतात. त्या हिशेबाने तुझं घर दोन वर्षांपूर्वी संपलं." इथल्या फॉर्मवर मात्र वयाचे दोन रकाने आहेत. एक खरं वय, दुसरं इफेक्टिव्ह एज. बासष्ट वर्षांचं घर नीट राखलं असेल तर अप्रेझर त्याला वीस-पंचवीस वर्षांचं लिहू शकतो. वीस वर्षांचं घर हयगयीने चाळिशीचं होऊ शकतं. बाबांनी हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हा रकाना आपल्याकडे असायला हवा होता."

माझ्या कामाची गोष्ट पुढच्या पानावर होती. झिजलेला गालिचा, फाटलेली खिडकीची जाळी, नसलेला कठडा, नळाची बारीक गळती, हे सगळं किरकोळ. ते रिपोर्टात नोंदवतात, त्याने किंमत हलली तर हलते, पण कर्ज अडत नाही. छतातून चालू असलेली गळती किरकोळ धरत नाहीत. तिथे रिपोर्ट 'सब्जेक्ट टू' होऊ शकतो, म्हणजे तपासणी किंवा दुरुस्ती झाल्याशिवाय ती किंमत लागू नाही. मग पुन्हा तपासणी, पुन्हा फी, आणि तोवर आपला ठरावीक दिवसांसाठी लॉक केलेला दर दिवस मोजत असतो.

म्हणजे ओटा जुना असला तर कर्ज थांबणार नाही. बाबांच्या उशाशी असलेला डाग ते थांबवू शकतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

चार रूफरना फोन. दोघांनी उचलला नाही, एकाला ऑक्टोबर अखेरीपर्यंत वेळ नाही. चौथा दुपारी आला. पाऊस नाही, तेव्हा गळती शोधायची कशी, तर त्याचा मुलगा बागेचा पाइप घेऊन छपरावर चढला आणि खालून वर एकेका टप्प्यावर पाणी सोडत गेला. बाबा टॉर्च घेऊन अ‍ॅटिकमध्ये बसले. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. वीस मिनिटांनी आतून हाक आली, "थांबवा! दिसलं!"

चिमणीच्या बुडाशी पत्र्याची पट्टी असते, फ्लॅशिंग, ती उचकटली होती. शिंगल्स ठीक आहेत. पाणी तिथून शिरून लाकडाच्या कडेने सहा फूट वाहत येऊन कोपऱ्यात ठिबकत होतं. लाकूड अजून कडक आहे. बाबांनी पेनचाकूचं टोक दाबून पाहिलं, रुतलं नाही. १,३५० डॉलर. पितृपक्षात घराचं काम काढू नये असं आई असती तर म्हणाली असती. बाबा म्हणाले, गळकं छप्पर बांधायला मुहूर्त लागत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

दर लॉक केला. ६.१२५ टक्के, ४५ दिवस.

अप्रेझलची फी ६०० डॉलर आम्हीच भरायची, पण अप्रेझर निवडायचा हक्क आम्हाला नाही, लोन ऑफिसरलाही नाही. मधली कंपनी कोणाला तरी पाठवणार. ऑफिसरने अप्रेझरला आकडा सुचवणंही बेकायदा आहे. २००८ च्या पडझडीनंतरचे हे नियम. त्याआधी कर्ज देणाराच हवा तो आकडा मागून घ्यायचा आणि घरं कागदावर फुगायची. मला हे नियम योग्य वाटतात, आज आमचं काम त्यांत अडकलं असलं तरी.

आयसेलिनच्या मैत्रिणीशी बोलले. तिचं कर्ज एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं. तिथे स्थितीचे नियम याहून कडक आहेत. तिचं घर १९५५ चं, आणि १९७८ च्या आधीच्या घरात सुटलेला रंग दिसला की शिशाच्या विषाची शंका धरतात. मागच्या बाजूच्या दोन खिडक्यांच्या चौकटींचे पोपडे तिला रीतसर खरवडून रंगवावे लागले, मग अप्रेझर पुन्हा येऊन बघून गेला, मगच फाइल हलली. तीन आठवडे गेले. तिच्या घरात रांगतं मूल आहे. ती चिडलेली होती, पण खिडक्या केल्या ते बरं झालं, हेही तीच म्हणाली.

२८ सप्टेंबर, शनिवार

फ्लॅशिंग झालं. रूफरने आधीचे-नंतरचे फोटो दिले, पावती दिली. डाग पडलेला ड्रायवॉलचा चौकोन कापून काढला, नवा तुकडा बसवला, सांध्यांवर लांबी भरली. बाबांनी सांगून पेन्सिलीच्या रेघेचा अर्धा भाग जुन्या छतावर राहू दिला. रंग आता द्यायचा नाही. आत पूर्ण वाळू दे म्हणाले.

नवऱ्याने मागच्या डेकचा हलणारा कठडा घट्ट केला, तळघराच्या जिन्यातला जळलेला दिवा बदलला, स्मोक डिटेक्टरच्या बॅटऱ्या बदलल्या. गॅरेजमधली खोकी भिंतीपासून ओढून मध्ये घेतली, भिंती दिसाव्यात म्हणून. एकूण खर्च चाळीस डॉलरही नसेल. आणि मी एक पान टाइप केलं: घर तापवायची भट्टी २०१९, वरचं स्नानगृह २०२१ (ही दोन्ही आधीच्या मालकांची, पावत्या आमच्याकडे आहेत), वॉटर हीटर मार्च २०२४, चिमणीचं फ्लॅशिंग सप्टेंबर २०२४. कोणत्याही ओळीत किमतीचा आकडा घातला नाही. अशी यादी देणं चालतं. किती किंमत हवी ते सांगणं चालत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

अप्रेझर बाई सकाळी दहाला आल्या. साठीच्या असाव्यात. बाबांना मी बजावून ठेवलं होतं, किमतीबद्दल चकार शब्द नाही. ते हात मागे बांधून दोन पावलं अंतर ठेवून फिरले.

बाईंनी आधी बाहेरून घर मोजलं, लेझरने. इथे भिंतीच्या बाहेरच्या अंगाने क्षेत्रफळ धरतात. रेरा आल्यापासून आपल्याकडे आतलं कार्पेट, इथे बाहेरून. पण खरा धक्का पुढे होता. आमचं घर स्प्लिट-लेव्हल आहे. खालची बैठकीची खोली, जिथे आम्ही गणपती बसवतो, ती एका बाजूने तीन फूट जमिनीत आहे. २०२२ पासूनच्या मोजणीच्या नियमाने जो मजला थोडाही जमिनीखाली असेल तो सगळाच तळघरात धरतात आणि वेगळा लिहितात. मुख्य क्षेत्रफळात तो येत नाही. घरातली सगळ्यात नीटस खोली, आणि चौरस फुटाला तिची किंमत वरच्या खोल्यांपेक्षा कमी.

पसाऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुलाची गादी विस्कटलेली होती, मी पांघरूण ओढायला गेले तर म्हणाल्या, राहू द्या, मी गादीचं मोल करत नाही. सिंकखालचं कपाट उघडून पाइपांना हात लावला. खिडक्या उघडून बंद केल्या. तळघराच्या भिंतीच्या तळाशी पाण्याची खूण आहे का ते वाकून पाहिलं.

बाबांच्या खोलीत त्या थांबल्या. छतावर राखाडी चौकोन, त्याच्या कडेला अर्धी पेन्सिलीची रेघ आणि ७ सप्टेंबर. विचारलं, हे काय. मी पावती आणि फोटो पुढे केले. त्यांनी फोटो नीट पाहिले, मग रेघ कोणी ओढली ते विचारलं. मी बाबांकडे बोट दाखवलं आणि ते सांगलीला काय करायचे ते सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं, लाकूड तपासलं का? बाबांनी खिशातून पेनचाकू काढून दाखवला आणि इंग्रजीत म्हणाले, "टिंबर साउंड, मॅडम." त्यांनी मान डोलावली आणि चौकोनाचे दोन फोटो घेतले.

पंचेचाळीस मिनिटांत गेल्या.

७ ऑक्टोबर, सोमवार

रिपोर्ट आला. ६,२०,०००.

पाच हजार कमी. नवऱ्याने लॅपटॉप मिटला आणि बाहेर चक्कर मारायला गेला.

बाबा आणि मी सगळी पानं वाचली. स्थिती सी४. खरं वय ६२, इफेक्टिव्ह एज २५. छताची दुरुस्ती झाल्याची ओळ आहे, फोटोसकट, आणि किंमत 'अ‍ॅज इज', कुठलीही अट नाही. तुलनेला तीन विकलेली घरं. पहिलं ६,४५,००० ला गेलेलं, आमच्यासारखंच स्प्लिट-लेव्हल, दोन गल्ल्या पलीकडे. ते सी३, म्हणून स्थितीपोटी त्यातून वीस हजार वजा केलेत. दुसरं सी४, जवळजवळ आमचंच जुळं. तिसऱ्यावर मी थांबले. तिसऱ्या घराचं स्वयंपाकघर नवं आहे, फोटोत क्वार्ट्झचा ओटा लखलखतो आहे, पण खिडक्या आणि स्नानगृहं जुनी म्हणून तेही सी४, आणि स्वयंपाकघरापोटी एक डॉलरही वजा-अधिक नाही.

फ्रिजवरच्या कोटेशनसाठी महिनाभर चाललेला वाद त्या रकान्यातल्या शून्याने मिटला. ओट्याने आम्ही सी३ झालो नसतो. सी३ व्हायला घराच्या बऱ्याच अंगांना हात लावावा लागला असता, आणि तो खर्च वीस हजारांत मावला नसता. फ्लॅशिंगनेही किंमत वाढवली नाही. १,३५० डॉलर गेले ते 'अ‍ॅज इज' या दोन शब्दांसाठी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

किमतीचा फेरविचार मागायचा हक्क आहे. एका अप्रेझलला एकदाच, क्लोजिंगच्या म्हणजे सह्यांच्या आधी, पुराव्यासह. नवऱ्याला मागायचा आहे. मी रात्री दोन तास विकलेली घरं शोधली. एक ६,५५,००० चं सापडलं, पण त्याला चार बेडरूम आहेत. रिपोर्टात मोजमाप बरोबर, स्नानगृहांची संख्या बरोबर, वॉटर हीटरसुद्धा नोंदवलेला. चूक सापडली असती तर मी भांडले असते. "आकडा आवडला नाही हा पुरावा नव्हे," बाबा म्हणाले, "माझ्याकडे अशी किती पत्रं यायची."

मग त्यांनी कागदावर एक गुणाकार मांडला. ६,२०,००० चे ८० टक्के म्हणजे ४,९६,०००. आमचं शिल्लक कर्ज पाच लाखांना जेमतेम कमी. मधलं अंतर चार हजार डॉलर.

मी फ्रिजकडे पाहिलं. नवऱ्यानेही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. शस्त्रपूजनाला बाबांनी मीटर टेप आणि पेनचाकू ठेवला, मुलाने कॅल्क्युलेटर. आपट्याची पानं ओक ट्री रोडवर मिळाली नाहीत, झेंडूवर भागवलं.

बाजारातला सरासरी दर पुन्हा ६.३२ वर चढला आहे. डाग तसाच ठेवून रिपोर्ट 'सब्जेक्ट टू' झाला असता तर आज आम्ही रूफरच्या तारखेची वाट बघत बसलो असतो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सह्या झाल्या. चार हजार आणि क्लोजिंगचा खर्च आम्ही भरला. कर्ज ४,९६,०००, हप्ता ३,०१४ डॉलर, पीएमआय नाही. महिन्याला ७८७ डॉलर कमी जातील. त्यातला काही भाग तीस वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याचा आहे, हे बाबांनी लक्षात आणून दिलं. म्हणून दरमहा २०० डॉलर मुद्दलात जास्तीचे टाकायचं ठरवलं. राहत्या घराच्या रिफायनान्समध्ये सहीनंतर तीन दिवस मन बदलायची मुभा असते, ती शुक्रवारी मध्यरात्री संपेल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जुनं कर्ज फिटल्याचा निरोप आला. ओट्याचं कोटेशन फ्रिजवरून काढून फाइलमध्ये ठेवलं, रूफरच्या पावतीमागे.

संध्याकाळी बाबांनी छताच्या चौकोनावर हात ठेवून पाहिला. कोरडा. मी स्टूल धरलं, त्यांनी ब्रश चालवला. पेन्सिलीची रेघ झाकायला रंगाचे दोन हात लागले.